देखाव्यातला शत्रू

यंदा काळाचौकीच्या आमच्या मंडळाने गणपतीत युद्धाचा देखावा केला. पुठ्ठ्याचे डोंगर, पुठ्ठ्याचा रणगाडा, बंदुका रोखलेले पुतळे आणि दर पाच मिनिटांनी स्पीकरवर स्फोट. उद्घाटनाला खरा जवान हवा, म्हणून समोरच्या टॉवरचा वॉचमन धरून आणला. तो सैन्यातून आलेला, डावा पाय गुडघ्याखाली नकली. मानचिन्हावर आम्ही नुसतं 'वीर जवान' छापलं, कारण नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. कार्यवाह मीच होतो, म्हणजे मलाही.

त्याच्या स्वागताला आम्ही मोठ्या हौसेने सुतळी बॉम्ब लावले. पहिला फुटताच तो खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर. मग सावकाश उठला, पँट झटकली आणि शाल-श्रीफळ घेतलं.

देखावा कसा वाटला, असं मी माइकवर विचारलं.

"चांगलाय, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या देखाव्यात शत्रू दिसतो. आम्हाला नुसता रस्ता दिसत होता. मध्ये एक खड्डा ताजा बुजवलेला. गाडी त्यावरून गेली. पुढे बसलेले तिघं गेले, मी मागे होतो."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

विसर्जन झाल्यावर मांडवाच्या खांबांचे खड्डे आम्ही नियमाप्रमाणे बुजवले. ड्युटीवर येताना तो त्या ताज्या डांबरापाशी थांबतो, बघतो आणि भर रहदारीतून वळसा घालून जातो. टॅक्सीवाले शिव्या देतात.

देखाव्याला विभागात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा होता, 'अगदी खराखुरा.'