मेरू बॅच

लातुरातल्या आमच्या क्लासचे सर कंबोडियाची सहल करून आले आणि त्यांनी क्लासच्या इमारतीवर पाच शिखरं चढवली. मधलं शिखर म्हणजे मेरू पर्वत, जगाचा मध्य. भोवतीचा खंदक म्हणजे समुद्र. जिना मुद्दाम उभा, कारण तिथल्या देवळांत म्हणे माणसानं देवाकडं वाकूनच चढायचं असतं. हे सगळं सर फिजिक्सच्या तासाला सांगायचे. समुद्र टँकरनं भरणार होते. टँकर कुठला येतोय डोंबलाचा! पोरं समुद्रात सायकली लावायची. पाणी होतं ते मेरूच्या पोटात, शिखरात लपवलेल्या टाकीत.

जास्त मार्कांची पोरं मेरूखाली, वरच्या मजल्यावर. बाकीची उतरत उतरत समुद्रकाठी. पोराला एक मजला वर घ्या म्हणून आईबाप सरांच्या पाया पडायचे. माझा चाचणीत नंबर लागला, मी मेरूखाली गेले, आणि माझे बाबा पोरीला खाली उतरवा म्हणून हात जोडून उभे राहिले.

भूकंपात आमचं माळवद, घरावरचं ते मातीचं जड छत, आईवर बसलं आणि ती गेली. तेव्हापासून बाबा छताखाली झोपत नव्हते. सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा त्यांची बाज दाराबाहेर असायची.

"सर, पोरगी हुशार हाय, पर तिला खालीच ठिवा. वर टाकी हाय."

सर चिडले. "अहो, मेरू हलत नसतो. जगाचा खांब आहे तो!"

"आमचं माळवद बी हलत नव्हतं की," बाबा म्हणाले.

पोरं खिदळली. मला असा संताप आला! "मी वरच बसणार," मी सगळ्यांसमोर ओरडले. "डॉक्टर व्हायचंय मला. तुम्ही जा गावाकडं." बाबा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तास रंगात आला होता, तेवढ्यात जिन्यातून बाबा वर आले. पायऱ्यांना हात टेकत, अक्षरशः रांगत. सरांना वाटलं, भक्ती! "बघा रे, मेरू असा चढतात!" म्हणत त्यांनी बाबांना शेवटच्या बाकावर बसवलं. बाबांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मान वर करून ते एकटक टाकीखालचा स्लॅब बघत बसले.

माझं काही फळ्याकडं लक्ष लागेना. मी सारखी मागं वळत होते. शेवटी बाबा तिथूनच खेकसले.

"इकडं काय बघतीस? तू फळ्याकडं बघ. वर मी बघायलोय."