आईच्या खुर्चीतला खळगा

मामा वेताच्या खुर्च्या विणायचा. बोलायचा तोही दातांत वेताची ओली पट्टी धरून, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं नुसतीच मान डोलवायची आणि घरी जाऊन बायकोला विचारायची, तो काय म्हणाला असेल?

त्याची भाची चित्रकार. या वेळी तिने चित्रं बाजूला ठेवून खुर्च्या मांडायचं ठरवलं होतं. तिला घडवणाऱ्या माणसांच्या, वर्षानुवर्षं बसून खोल गेलेल्या. शाळेतल्या बाईंची, रंगाच्या दुकानदाराची, गेल्या वर्षी वारलेल्या आईची. माणूस नाही, त्याच्या भाराने पडलेला खळगा तेवढा. प्रदर्शनापर्यंत त्या तिने मामाच्या दुकानात ठेवल्या. कशासाठी, ते सांगायचं राहिलं. मामालाही विचारावंसं वाटलं नाही. त्याच्याकडे खुर्ची आणखी कशाला येणार?

ती न्यायला आली तेव्हा सगळ्या बैठका नव्या, ताठ होत्या. मामाने एकीवर टिचकी मारून दाखवली. लाडक्या भाचीचं काम, म्हणून इतर गिऱ्हाइकांना त्याने खुशाल ताटकळत ठेवलं होतं.

ती जमिनीवरच बसली. मग खुर्च्या कशासाठी होत्या, ते तिने सांगितलं. मामाने दातांतली पट्टी काढली. जुनी वीण तो नेहमी शेगडीत घालायचा. बाईंची गेली होती, दुकानदाराची गेली होती.

"आईची?" तिने विचारलं.

मामा दाराआड गेला. खिळ्यावरचा आपला सदरा उचलून त्यामागची कापून काढलेली बैठक त्याने आणली. टोपलीसारखी खोल, डावीकडे जरा जास्तच, कारण ताई कायम पाय दुमडून बसायची.

"ही जाळवेना," तो म्हणाला. "दोनदा शेगडीपाशी नेली."

भाचीने ती मांडीवर घेतली आणि खळग्यात तळवा ठेवून बसून राहिली.

प्रदर्शनात ती बैठक आईच्या खुर्चीच्या वर, छताला टांगली. बाकीच्या खुर्च्यांवर कुणीही बसावं अशी पाटी लागली. मामा आला तो सरळ बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला, मग दुकानदाराच्या. चूक निस्तरायची म्हणून अंग सैल सोडून, सगळा भार टाकून बसला.

"लवकर नाही गं खचायच्या," तो काळजीने म्हणाला. "मेलं काम चांगलं झालंय."

"घाई कुठंय, मामा," ती म्हणाली. "तू बस."