ग्रामर्सी आणि श्रीखंड

इंग्रजी भाषेतल्या अस्सल सौजन्याचा अखेरचा वारसदार न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, आमच्या शेजारी राहत होता. ही माहिती मला स्वतः वारसदारानेच दिली.

वझलवार काका मूळचे नागपूरचे, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. 'थँक यू' त्यांना बाजारू वाटायचं. "दिवसभर पोपटासारखं थँक यू, थँक यू! काही अर्थ?" असं म्हणून ते त्याऐवजी 'ग्रामर्सी' म्हणायचे. हा शब्द इंग्रजांनी केव्हाच टाकून दिलेला. रस्त्याच्या कडेला कुणी ठेवून दिलेली जुनी खुर्ची उचलून आणावी, तसा काकांनी तो घरी आणला होता. न्यू जर्सीत पेट्रोल आपलं आपण भरता येत नाही, त्यामुळे पंपावरचे सरदारजी त्यांच्या तावडीत आयतेच सापडले. पहिल्या ग्रामर्सीला सरदारजी नम्रपणे म्हणाले, "वो नहीं है, अंकल. रेग्युलर है, सुप्रीम है."

शब्दाचा इतिहास ऐकल्याशिवाय काकांच्या घरून कोणी सुटत नसे. मूळ जुनं फ्रेंच, अर्थ 'थोर आभार'. त्यातला 'मेर्सी' लॅटिनमधून आलेला आणि तिथे त्याचा अर्थ मजुरी. मजुरीची पुढे कृपा झाली, कृपेचे आभार झाले, आणि शेवटी लोक नुसतं आश्चर्य वाटलं तरी तो शब्द काढू लागले.

"म्हणजे आपलं 'अगबाई'," सुधाकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

काका तिकडे दुर्लक्ष करून काकूंनी आणलेला चहा घ्यायचे. चहाबद्दल काहीच म्हणायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर चकित झाले. "घरच्या माणसाचे आभार? अरे बाप्पा, परकी आहे का ती?"

शाळेच्या सभागृहात होणाऱ्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आभारप्रदर्शन काकांकडे आणि श्रीखंड काकूंकडे असे. शाळेच्या जॅनिटरपासून माइकवाल्यापर्यंत काका सर्वांना ग्रामर्सी वाटत. श्रीखंडाचा उल्लेख नसे. दोन हजार पाच साली मी पातेली न्यायला गेलो, तेव्हा काकूंनी गराजमधल्या फ्रिजचं दार लावलं आणि काकांना ऐकू जाईल अशा बेताने मला सांगितलं, "यंदा आभारात माझं नाव आलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून श्रीखंड कॅन्सल."

"सुधा, लोक हसतील," काका आतून म्हणाले.

"हसू देत. चक्का गाळून माझे खांदे गेले. माइकवाल्याला ग्रामर्सी, आणि मला?"

"तू घरची."

"मग घरचं श्रीखंड घरीच खाऊ."

कार्यक्रमाला जाताना गाडीत काकांचे ओठ हलत होते.

नाट्यप्रवेश संपला, काका माइकपाशी गेले, आणि आभारप्रदर्शन सुरू होताच सगळी मंडळी नेहमीच्या शिस्तीने जेवणाच्या रांगेकडे निघाली. काकांनी लॅटिनपासून सुरुवात केली. फ्रान्स ओलांडून ते इंग्लंडला पोचले, तोवर खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मी होतो, कारण माइक परत करण्याची जबाबदारी माझी होती.

"आणि शेवटी," काका म्हणाले आणि थांबले. चष्मा काढून पुन्हा घातला. "माझी पत्नी सुधा. तिचं श्रीखंड. आणि... एकूणच सगळं. सुधा, ग्रामर्सी."

मी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या सभागृहात एकट्याच्या टाळ्या फार वाईट वाजतात.

मग मी कॅफेटेरियात पळत गेलो. काकू वाढत होत्या. "काकू, काकांनी तुमचं नाव घेतलं!"

डाव हवेतच राहिला. "खरंच? काय म्हणाले?"

"ग्रामर्सी."

"मराठीत काही?"

"नाही."

काकूंनी पुढच्या ताटात श्रीखंड वाढलं. "एवढ्या वर्षांनी बोलले, तेही मेलेल्या शब्दात. आणि मी तिथे नसताना."

तेवढ्यात काका ताट घेऊन रांगेतून पुढे सरकत आले. "सुधा, मी म्हटलं बरं का."

"कळलं."

"मग?"

"मग काय? पुढे व्हा, मागे लोक खोळंबलेत."

काका पुढे झाले. ताटातल्या श्रीखंडाबद्दल काही बोलले नाहीत. सवय नव्हती.

पुढच्या दिवाळीत श्रीखंड जवळच्या एडिसन गावातल्या एका दुकानातून आलं. काकांनी दुकानदाराचे पूर्ण नाव घेऊन आभार मानले. श्रीखंड उरलं.