पाणी, फोम आणि काकांचं नाक

आमच्या फायर स्टेशनात किस्से होसबरोबर वाळतात. गाडी परत आली की ओले होस, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, धुवायचे, टॉवरवर लटकवायचे आणि खाली चहा घेऊन बसायचं. होस वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात कुणीतरी काहीतरी सांगतोच. बोईसरच्या कारखान्यांमध्ये केमिकलचे टँकर आणि ड्रम एवढे की आमचे होस काही फार दिवस कोरडे राहत नाहीत. त्यामुळे किस्सेही भरपूर.

बाकीचे चहा पिऊन घरी जातात आणि तोच किस्सा बायकोला परत सांगतात. माझा मात्र स्टेशनातच संपतो. म्हणून मी जरा लांबवून सांगतो. सहन करा.

*

पहिला किस्सा माझ्याच कौतुकाचा आहे, तो उरकून घेतो.

बरीच वर्षं झाली. चिल्हार रस्त्याच्या वळणावर एक टँकर कलंडला होता. ड्रायव्हर पळालेला, कागद त्याच्याबरोबर गेलेले, मागची पाटी खरवडून निघालेली. आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं आणि ते माहीत असल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. एकाला चालणारा फोम दुसऱ्यावर टाकला तर विरघळून जातो. मी गाडीतून उतरलो, लांबूनच एक झुळूक आली आणि मी आमच्या स्टेशन ऑफिसरना म्हटलं, “साहेब, टोल्युईन.”

दोन तासांनी ड्रायव्हर सापडला. टोल्युईनच होतं.

तेव्हापासून स्टेशनात पद्धतच पडली. गाडी थांबली की मी आधी उतरायचं आणि साहेबांनी विचारायचं, “काय आहे, काका?” मी सांगेपर्यंत कुणी पाय खाली टाकत नसे. हे काही पुस्तकात लिहिलेलं नाही. हवेतला गॅस मोजायला मीटर आहे, कंपनीकडे कागद असतात, साहेब ते सगळं बघतातच. तरी नवीन माणूस आला की साहेब त्याला गाडी दाखवताना सांगायचे, “यात तीन गोष्टी आहेत. पाणी, फोम आणि काकांचं नाक.”

*

आमचा ड्रायव्हर चिंतामण. तारापूरकडचा, मच्छीमारांच्या घरातला. बाप-भाऊ होडीवर आणि हा एकटा गाडीवर.

आगीच्या ठिकाणी गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायची असते. भडका उडाला तर वळवायला वेळ मिळत नाही. चिंतामणला ती सवय एवढी लागली की तो रिक्षासुद्धा उलटी उभी करायला लावेल.

मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा हा भावाची गाडी घेऊन पहिल्यांदाच व्याह्यांकडे गेला. सगळी मंडळी ओट्यावर स्वागताला उभी. याने बोळातून गाडी उलटी घ्यायला सुरुवात केली. एकदा तुळशीला लागता लागता राहिली, एकदा सुकत घातलेल्या बोंबलांच्या वळणीत शिरली. पंधरा मिनिटांनी गाडी हवी तशी लागली, तोंड रस्त्याकडे. घामाघूम होऊन हा उतरला.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “व्याही आले नाय तवर जायला उबे!”

*

तिसरा दामू. मनोरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं घर आणि थोडी भातशेती. दरवर्षी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, रजा घेतो, परत येतो तेव्हा हात गाडीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त सोललेले असतात.

एका कंपनीत सॉल्व्हंटच्या शेडला आग लागली. धूर रस्त्यावरून दिसत होता. आम्ही सायरन वाजवत गेटवर पोहोचलो तर वॉचमनने गेटचा आडवा बांबू काही वर केला नाही. नवीन होता बिचारा. खिडकीशी आला आणि म्हणाला, “माचिस, बीडी, मोबाइल इधर जमा करो. अंदर सख्त मना है.”

चिंतामणने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. दामूने मान बाहेर काढून धुराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “मंग ते आत जळते हाय, त्याची माचिस जमा केलती का?”

बांबू वर गेला.

*

मिथेनॉलची आग उन्हात दिसत नाही. धूर नाही, पिवळी ज्वाळा नाही, नुसती हवा हलल्यासारखी वाटते. तिच्यात माणूस चालत गेला तरी त्याला पाय भाजेपर्यंत कळत नाही.

भर दुपारी असा एक कॉल आला. वाल्व्ह गळून मिथेनॉल जमिनीवर पसरलं होतं. तिथले मॅनेजर गेटवरच भेटले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. “आग लगी थी, बुझ गयी. देखो, कुछ नहीं है,” म्हणाले आणि स्वतःच पुढे निघाले. साहेबांनी त्यांचा दंड धरला.

अशा वेळी आम्ही एक साधी गोष्ट करतो. लांब बांबूला झाडू बांधायचा आणि तो पुढे धरून चालायचं. दामू निघाला. दहा पावलं काही नाही. मॅनेजर हसले. बाराव्या पावलाला झाडू पेटला. मॅनेजरसाहेब कधी मागे गेले ते कुणी पाहिलं नाही, पण एकदम गेटच्या बाहेरच दिसले.

दामू झाडूचा जळका दांडा घेऊन त्यांच्याकडे गेला. “साहेब, तुमची नसलेली आग माजा झाडू खाऊन गेली.”

*

आता एक किस्सा मी होस वाळताना कधी सांगितला नाही.

माझी बायको माकुणसारची. आमच्यात खरं नाक तिचं होतं. मी सरावलीच्या खोलीवर परत आलो की ती दारातूनच सांगायची, “आज थिनर. आदी अंगोळ.” किंवा “आज काय ते सडक्या सफरचंदासारकं. बाहेरच थांबा.” कुठल्या कारखान्यातून आलो हे मला सांगावं लागत नसे.

कोरोनात आम्ही दोघं एकदम पडलो. माझा ताप उतरला. वास परत आला नाही. दवाखान्यातून तीही आली नाही.

पहिले काही महिने वाटलं, येईल. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाचा येतो. मग एका रविवारी मी गॅसवर बोंबील ठेवून पेपर वाचत बसलो होतो. शेजारची भाभी दार बडवायला लागली. उघडलं तर खोलीभर धूर. तिने आत येऊन गॅस बंद केला, कढई मोरीत टाकली आणि म्हणाली, “भाईसाब, फायरवाले के घर में ही आग?” मग मजल्यावरच्या सगळ्यांना हा किस्सा सांगून आली. सगळे हसले. मीही हसलो आणि दार लावून घेतलं.

हल्ली ड्युटीवरून आलो की मी दारात उगाच थोडा थांबतो. आपल्या अंगाला कसला वास येतोय हे मला कळत नाही आणि सांगायला कुणी नाही. आठवण येते तिची. फार येते. मुलगी नाशिकला असते, फोनवर विचारते, “बाबा, जेवलात?” मी हो म्हणतो आणि मग काहीतरी करायला घेतो.

साहेबांना सांगायला हवं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण सांगितलं की गाडीवरून उतरवणार. निवृत्तीला दोन वर्षं होती. स्टेशनात टेबलावर बसून फोन घ्यायचा किंवा घरी बसायचं, आणि घरी काय आहे? म्हणून गप्प राहिलो. गाडीतून उतरताना मीटरवर एक डोळा ठेवायचा, कंपनीच्या माणसांचं बोलणं कानावर घ्यायचं, ड्रमची पाटी वाचायची आणि मग नाक वर करून गंभीरपणे नाव सांगायचं. बरोबर यायचं. टाळ्या कुणी वाजवत नव्हतं, पण गाडीतली जागा राहिली होती.

*

शेवटचा किस्सा ड्रमयार्डचा.

मागच्या हिवाळ्यातली दुपार. बंद पडलेल्या एका गोदामाच्या मागे जुने ड्रम रचून ठेवले होते आणि त्यांची थप्पी कोसळली होती. पाच-सहा ड्रम फुटून आतलं केमिकल गटाराकडे वाहत होतं. पाट्या उन्हापावसाने पुसलेल्या. कंपनीचा माणूस कागद शोधायला गेला होता. मीटर फक्त एवढंच सांगत होता की हवा पेट घेण्याजोगी आहे. काय आहे ते सांगत नव्हता. आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं, ते बंद करायला चिंतामण पळत गेला होता.

दामू फोमचा होस खांद्यावर घेऊन माझ्या मागे उभा. मी नाव सांगितलं की तो आत शिरणार होता.

साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, “काय आहे, काका?”

मी नाक वर केलं. काहीच नाही. कोऱ्या कागदासारखी हवा. टोल्युईन म्हणावं असं तोंडावर आलं होतं, बहुतेक वेळा तेच असतं. तेवढ्यात मागे दामू खोकला आणि त्याच्या सोललेल्या हातातला होस सारखा केला.

मी वळलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “साहेब, मला वास येत नाही. कोरोनापासून येत नाही.”

दामूने खाली बघितलं. साहेब मीटरवरचे आकडे वहीत लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

“ते आम्हाला ठाऊक आहे, काका,” साहेब म्हणाले. “वारा कुठून आहे ते सांगा.”