थरथर कुठून येते

"बोलू नोका. तुमी बोलले का माह्या हातातलं जाते."

गाडी घेऊन कोणीही आलं की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मग बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायला लावायचं, उजवा तळहात इंजिनाच्या झाकणावर टेकवायचा आणि डोळे मिटायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा, तसा तो हात.

सिग्नलला उभी असताना ज्यांची गाडी सीटखालून थरथरते, त्यांनाच तो वैताग कळेल. मी राहतो अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला, त्यामुळे गाडी म्हणजे माझं दुसरं घर. बडनेरा रोडवरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात माझ्या कितीतरी सुट्या वाया गेल्या.

गोडवे गायला मी बसलेलो नाही. माणूस अत्यंत तिरसट होता. गिऱ्हाइकाला उन्हात उभं ठेवायचा आणि वर त्याचीच शिकवणी घ्यायचा. "उभी गाडी हालत असंल तं इंजिन पाहा. पळती हालत असंल तं चाकं पाहा. इतकं तं शिका लेकहो!"

एकदा माझी गाडी फारच थरथरत होती. मिस्त्रींनी चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर काढल्यावर गाडी आणखी हालली, तर तो प्लग चांगला. तिसरी वायर काढली आणि काहीच बदललं नाही.

"हा मेला," मिस्त्री म्हणाले.

"कशावरून?"

"ज्याच्या असन्या-नसन्यानं फरक पडत नाई, तो मेला. सरळ हाये."

गेल्या उन्हाळ्यात एसी लावला की गाडी जराशी थरथरायला लागली. इंजिन ज्या रबरांवर बसवतात ती गेली, असं मिस्त्री म्हणाले. रबरं बदलली, गाडी शांत झाली. मिस्त्रींनी हात ठेवला आणि मान हलवली. "अजून हाये."

मग प्लग बदलले. अजून हाये. एअर फिल्टर साफ झाला, हवा कुठून शिरते का म्हणून सगळे पाइप पाहून झाले. अजून हाये. इकडे मी रोज बसने अकोल्याला हेलपाटे घालतोय आणि हे महाशय माझी धडधाकट गाडी उघडून बसलेत. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मिस्त्री, गाडी लोण्यासारखी चालते आहे. काय शोधून राहिले तुम्ही?"

"तुमाले नाई समजत. बारीक थरथर हाये. कुठून येते, तेच सापडून नाई राहिलं. आना तुमचा हात."

त्यांनी माझा हात इंजिनावर ठेवला आणि नीट कळावं म्हणून वर आपला हात दाबला. थरथर होतीच. बारीक, न थांबणारी. पण ती खालून येत नव्हती, वरून येत होती.

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग आपल्या हाताकडे.

"बंद कर रे गाडी," ते गॅरेजातल्या पोराला म्हणाले.

पोराने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. माझ्या हातावरचा त्यांचा हात थांबला नाही. बराच वेळ त्यांनी तो तसाच ठेवला, मग ओढून पँटच्या खिशात घातला. "घेऊन जा. गाडीले काई नाई झालं."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, असं सांगितलं. फोनवर मिस्त्री मला म्हणाले, "मेंदूतून येते म्हनते. पार्ट भेटत नाई त्याचा." मी हसलो. हसायला नको होतं, पण ते स्वतःही हसत होते. फोन मात्र त्यांनी दुसऱ्याच कामासाठी केला होता. गेल्या काही महिन्यांत ज्यांच्या ज्यांच्या गाड्या त्यांच्या हातून गेल्या, त्या सगळ्यांना ते सांगत होते, माझ्या हातचे नट दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. पावसाळ्याआधी गॅरेज बंद झालं.

या हिवाळ्यात मी एकदा बसने अकोल्याला निघालो. जुन्या लाल गाडीत सगळ्यात मागच्या बाकावर मिस्त्री बसलेले. शेजारीच नवीकोरी बॅटरीची बस उभी होती.

"अहो, ती सोडून या खटाऱ्यात काहून बसले?"

"ते हालत नाई."

मला काही कळलं नाही. गाडी चालू झाली. काचा, बाक, माझे गुडघे, पुढच्या म्हातारीच्या मांडीवरची पिशवी, सगळं हलायला लागलं. तेव्हा मिस्त्रींनी शालीखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि मांडीवर मोकळे ठेवले.

"घरी आलं-गेलं मानूस हातच पाह्यते. इथं सारेच हालते. माह्याकडं कोनी पाहात नाई."

मला रडू आलं. मूर्तिजापूर येईस्तोवर मी समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत बसलो. अकोल्यात कोणाकडे निघालात, असं मग विचारलं. "कोनाकडं नाई," एवढंच म्हणाले.

अकोला आलं, गाडी रिकामी झाली. मी म्हटलं, "चला मिस्त्री, चहा घेऊ."

"तुमी उतरा. हेच गाडी वापस जाते अमरावतीले."

कंडक्टर मागे आला. त्याने काही विचारलं नाही. परतीचं तिकीट काढलं, दोनदा दुमडलं आणि मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात नीट ठेवून दिलं.