कानिफनाथची उघडी खोली

कानिफनाथ शिंगणापूरचा. तिथं घराला चौकट असते, दार नसते, राखण शनिदेवाची. १९४८ साली तो नगरच्या नव्या कॉलेजात आला आणि उंचीमुळे फुटबॉलच्या संघात गोलकीपर झाला. पहिलाच सामना हरल्यावर कॅप्टन शामकांत म्हणाला, "याच्या गावात घराला दार नाही. हा गोल काय राखणार?"

सगळे हसले. कानिफनाथही हसला. नगरात आल्यापासून त्याची एवढी दखल कुणी घेतली नव्हती.

संघ हरतच गेला. भिंगार कॅम्पातले शिपाई बूट घालून खेळत, ही पोरं अनवाणी. पण हरल्यावर सगळी कानिफनाथच्या माळीवाड्यातल्या खोलीवर येत. खोलीला दार होतं, ते लावायचं त्याला सुचत नसे. तो नसला तरी पोरं आत शिरत, चटईवर लोळत, शिंक्यातल्या भाकरी संपवत. तो आला की कुणीतरी सरकून जागा करी. खरं सांगायचं तर त्या जागेसाठीच तो खेळत होता.

संघाचा एकुलता एक धड चेंडू त्याच्याकडे ठेवायला असे. एके दिवशी तो नदीवर कपडे धुवायला गेला आणि परतला, तर कोपऱ्यात चेंडू नव्हता. शामकांतनं सर्वांदेखत त्याला उभं केलं.

"हे शहर आहे, कानिफनाथ. दाराला कुलूप दिसलं नाही तर गोलात दुसरा उभा राहील."

त्यानं त्याच संध्याकाळी कुलूप आणलं. गावाकडं घरात कुणालाच कुलूप ठाऊक नव्हतं; त्यानं ते चारचारदा ओढून पाहिलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

दोन दिवसांनी फुलबॅक महमूद चेंडू घेऊन हजर. शिवण उसवली होती म्हणून तोच मोच्याकडे घेऊन गेला होता, आणि तिथूनच गावी कोपरगावला. दार उघडंच असतं, त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटलं होतं. खूप हसाहसी झाली. शामकांतही हसला. पण कुलूप काढ, असं कुणी म्हणालं नाही, आणि कानिफनाथला विचारायचा धीर झाला नाही.

पुढचा सामनाही हरले. त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी त्यानं महमूदला गाठलं.

"आलो होतो की रे," महमूद म्हणाला. "तू पोचला नव्हतास, कुलूप होतं. मग सगळे माझ्या खोलीपुढच्या ओट्यावरच बसायला लागले. तू का येत नाहीस?"

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्याकडे तरी कुणाला कधी बोलवावं लागलं होतं?

शेवटचा सामनाही गेला. कानिफनाथनं कुलूप काढून ट्रंकेत टाकलं, दार सताड उघडलं, शेंगा भाजल्या, चटई झटकून अंथरली. रस्त्यावरून पोरं बोलत जाताना ऐकू आली. महमूदच्या ओट्याकडं वळायचा रस्ता अलीकडंच होता; ती तिथूनच वळली. शेंगा गार झाल्या.

पुढे तो घोडेगावला मास्तर झाला. घराचं दार दिवसभर उघडं. बाजाराच्या दिवशी एखादी शेळी थेट चुलीपर्यंत येई, आणि लंकाबाई, त्याची बायको, तिला हाकलून वैतागे. "दार लावा की. कुनाची वाट बघताय?"

"असू दे," मास्तर म्हणत. "कुनी आलं आन् बंद बघून गेलं, तर आपल्याला कळायचं बी न्हाई."