चौसष्ट अक्षरांच्या आक्का

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत आक्का मोठ्यानं वाचायला लागल्या, की व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटावं, आत हौजी चालली आहे. "सात, एफ, तीन, तीन, ए, शून्य..." समोर एखादा प्राध्यापक कागदावर बोट ठेवून बसलेला. बोट हललं, की पुन्हा पहिल्यापासून.

प्रकार साधा होता. इंटरनेटवरून उतरवलेली ऑपरेटिंग सिस्टीमची फाईल वाटेत बिघडली नाही ना, हे पाहायचं. मूळ साइटवर त्या फाईलचा चौसष्ट अक्षरांचा आकडा दिलेला असतो. आपल्याकडच्या फाईलचा आकडा काढायचा आणि ताडायचा. फाईलमध्ये एक टिंब बदललं, तरी आकडा पार बदलतो. हे ताडणं संगणक क्षणात करतो, पण आक्कांना ते पटत नसे. "त्यानंच फाईल उतरवली आणि त्योच म्हणतोय बरोबर हाय. आपल्याच पेपरला आपणच मार्क दिल्यागत की!"

आक्का प्रयोगशाळेच्या प्रमुख. कोल्हापूरच्याच, त्यामुळे 'मी येतो, मी जातो' असं इथल्या बायकांच्या थाटात बोलणाऱ्या. आवाज खणखणीत. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्या दारातच थांबवत. "पावणं, खोक्यावरचा नंबर वाचा. न्हाय, चष्मा लावून वाचा." लेकीला हातकणंगल्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या शिक्षणाची खात्री त्यांनी त्याच्या कॉलेजात फोन करून घेतली, आणि फोनवर बोलला तो खरंच तिथला क्लार्क होता का, याची खात्री दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन. जावई अजूनही सासूसमोर आधी ओळखपत्र काढतो, असं आम्ही मागून म्हणत असू. समोर म्हणायची छाती नव्हती.

मी आक्कांच्या हाताखाली नवीन लागलो, त्याच वर्षीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा आणि चाळीस संगणकांवर नवी सिस्टीम घालायची होती. आमचं नेट कासवाच्या चालीचं, म्हणून मी दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राकडून पेन ड्राइव्हवर फाईल आणली. सोबत चौसष्ट अक्षरांचा आकडाही. आक्कांनी वाचला, मी बोट फिरवलं, सगळा जुळला. मी विजयी मुद्रेनं पाहिलं.

"ह्यो आकडा कुठनं आणला?"

"पेन ड्राइव्हवरच होता की, आक्का."

"मग चोरानंच दिलेली पावती ही! ज्यानं फाईल बदलली, त्यो शेजारचा आकडा तसाच ठेवील व्हय?"

त्यांनी मूळ साइट उघडली. तिथला आकडा वेगळाच होता. प्राचार्य येऊन ओरडले, "आक्का, उद्या परीक्षा आहे!" आक्का त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणूनच, सर!" सकाळी दहाला सुरू केलेलं डाऊनलोड दुपारी तीनला संपलं. त्यावर सिस्टीम बनवणाऱ्यांची डिजिटल सही असते, तीही त्यांनी तपासली. ती सही बनवणाऱ्यांचीच हे ओळखायचा नंबर आक्कांनी पूर्वी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळून वहीत लिहून ठेवला होता. साडेसहापर्यंत चाळीसही संगणक तयार झाले. मी आक्कांवर आठवडाभर फुगून होतो. महिन्यानं मित्राचा फोन आला. त्या फाईलमध्ये कुणीतरी भलतंच काही घुसवलं होतं आणि त्यांच्याकडच्या पोरांचे पासवर्ड बाहेर गेले होते. मी आक्कांना सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "बिचारी पोरं." मला एक टोमणाही नाही.

त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. सभागृह हसलं, आक्काही हसल्या. मग मला किल्ल्या द्यायला प्रयोगशाळेत आल्या आणि खुर्चीत टेकल्या.

"सर, एक सांगतो. माझं नोकरीचं पहिलं वर्ष. कुणीतरी उतरवून दिलेली सीडी मी न बघता सगळ्या मशीनवर घातली. फाईलचा तुकडा बिघडलेला. दोन महिने चाललं, मग मशीनं बसली. पोरांची प्रोजेक्टं गेली. बाकीच्यांकडं कॉपी होती. शाहूवाडीची एक पोरगी एसटीनं यायची, तिचं सगळं हितंच."

"मग?"

"सुट्टीत रोज प्रयोगशाळा उघडून तिच्यासंगं बसलो. ती सांगायची, मी टाईप करायचो. तरी तारीख हुकली. दुसऱ्या साली पास झाली. आता चांगल्या नोकरीला हाय."

"म्हणजे झालं की चांगलं."

"व्हय. पर एक वर्ष गेलं की तिचं. आणि मला एका शब्दानं बोलली न्हाय ओ ती."

किल्ल्या माझ्या हातावर ठेवून त्या उठल्या. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. दिवसभर तोंडाला विश्रांती नव्हती माझ्या, पण तेवढ्या वाटेत एकही विनोद सुचला नाही.